चार बोटं माती

कपाटात बरण्यांसाठी एकशे बत्तीस जागा होत्या आणि बरण्या होत्या एकशे एकोणतीस. बारा खण, प्रत्येक खणात अकरा जागा. खण म्हणजे जंगलातला एक प्लॉट, बरणी म्हणजे एक वर्ष. ज्या तीन नव्हत्या त्यांतल्या दोन केव्हातरी फुटल्या होत्या. त्यांची माती पाकिटांत भरून, पाकिटांवर तारीख घालून कुणीतरी त्याच जागी ठेवली होती. तिसरी बरणी चहाच्या खोलीत सापडली. तिच्यात साखर होती.

मुंगीने त्या साखरेचा चमचाभर नमुना प्रयोगशाळेतल्या शिसं मोजायच्या मशीनला लावला. शिसं आढळलं नाही. मग ती चहा प्यायली.

मुंगी हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे. लहानपणी ती दिसेल ते मोजत बसायची, म्हणून बाबांनी ठेवलेलं. एकदा त्यांनी ती काम करायची त्या संस्थेच्या फोनवर "मुंगी आहे का?" असं विचारलं आणि फोन घेणाऱ्याने "थांबा, बघून सांगतो" म्हणून टेबलाखाली पाहिलं. त्या दिवसापासून प्रयोगशाळेतही तेच नाव चिकटलं.

एकशे एकोणतीस बरण्यांवरचं अक्षर एकाच बाईचं होतं. शाई फिकट तपकिरी झाली होती, पण एकही लेबल तिरकं नव्हतं. "प्लॉट" लिहिताना ती प-चा पाय मोडायची आणि मग ल वेगळा काढायची, जणू मधे एक पायरी आहे. हे अक्षर मुंगीने घरी फक्त एका ठिकाणी पाहिलं होतं, तिच्या बालवाडीच्या पाटीमागे. तिथे तिचं नाव होतं. ती बाई तिची आई होती, आणि मुंगी सहा वर्षांची असताना ती साध्या तापाचं निमित्त होऊन गेली होती.

टेकडीपलीकडे शिसं वितळवण्याचा कारखाना होता. चाळीस वर्षं त्याच्या धुराड्यातून जे बाहेर पडायचं ते वाऱ्याबरोबर अलीकडे यायचं आणि जंगलावर बसायचं. संस्थेने जंगलात बारा प्लॉट आखले आणि दरवर्षी पानगळीच्या आधी प्रत्येक प्लॉटातून खुणेच्या झाडाची पानं आणि त्याच्या बुंध्याजवळची माती आणायला सुरुवात केली. मातीसाठी लोखंडी नळी होती. ती हातोडीने ठोकायची, ठरलेल्या खोलीपर्यंत आत गेली की उपसायची, आतली माती बरणीत. पहिली अकरा वर्षं हे काम रोजंदारीवरच्या एकाच बाईने केलं. नवव्या वर्षी कारखाना बंद पडला. अकराव्या वर्षानंतर बाई नव्हती. मग दोन माणसांचं पथक आलं, ते अजून येतं. आता एकतिसावं वर्ष चालू होतं आणि एकतीस वर्षांचा अहवाल महिनाअखेरीला द्यायचा होता.

आलेख काढला तेव्हा पानांची रेघ घसरगुंडीसारखी खाली आली. धूर थांबला, पानं दरवर्षी नवी येतात, त्यामुळे त्यांच्यातलं शिसं तीन-चार वर्षांत जवळजवळ संपलं. मातीच्या रेघेने मात्र सगळ्यांना बुचकळ्यात टाकलं. पहिल्या वर्षी बारा प्लॉटांची सरासरी दोनशे अडतीस, किलोमागे मिलिग्रॅम. अकराव्या वर्षी दोनशे एकतीस. बाराव्या वर्षी एकदम तीनशे सोळा. तिथून हळूहळू उतरत यंदा दोनशे एक्केचाळीस. म्हणजे कारखाना बंद झाल्यावर तीन वर्षांनी शिसं जिन्याची पायरी चढल्यासारखं वर गेलं होतं आणि वीस वर्षं उतरून पुन्हा जिथल्या तिथे आलं होतं.

"असा जिना निसर्गात नसतो," मॅडम म्हणाल्या होत्या. मॅडम म्हणजे विभागप्रमुख. चष्मा डोक्यावर आणि तो शोधायला टेबलावर हात, ही त्यांची कायमची अवस्था. "जुनं मशीन कमी दाखवत असेल. सगळ्या बरण्या पुन्हा लाव."

मुंगीने तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून एकशे एकतीस नमुने पुन्हा लावले.

"मशीन बरोबर होतं," ती कागद पुढे ठेवत म्हणाली. "पहिल्या वर्षाची सरासरी तेव्हा दोनशे अडतीस, आता दोनशे सदतीस."

मॅडमनी आकडे वरून खाली वाचले, मग खालून वर. "म्हणजे मशीन बरोबर, बरणीतली माती बरोबर. उरलं कोण?"

मुंगीने कागद परत ओढून घेतला.

"मला तुझ्या आईबद्दल काही म्हणायचं नाही. मी त्यांना पाहिलेलंसुद्धा नाही," मॅडम म्हणाल्या. "पण माती कशी उपसली, किती उपसली, कुणाला ठाऊक? अहवाल बाराव्या वर्षापासून सुरू करू. वीस वर्षंही काही कमी नाहीत."

"धुराडं चालू असतानाचं जंगल फक्त त्या अकरा वर्षांत आहे."

"माहितीये. त्याचंच वाईट वाटतंय."

"आणि बरण्या?"

"जागेची चणचण आहेच," मॅडम म्हणाल्या, आणि चष्मा शोधू लागल्या.

आई कशी दिसायची हे मुंगीला फोटोमुळे माहीत होतं. आवाज आठवत नव्हता. आठवायचा तो फक्त हात: ताप आहे का बघताना कपाळावर आडवा ठेवलेला, भुवयांपासून केसांपर्यंत नेमका बसणारा. बाकी आईचं या जगात जे उरलं होतं ते त्या कपाटात होतं, बारा खणांत, आणि आता त्यावर जागेच्या चणचणीची नजर गेली होती.

त्या दुपारी ती तळघरात जाऊन मूळ वह्या घेऊन आली. संगणकावरचा तक्ता सगळ्यांनी पाहिला होता. वह्या कुणी उघडल्या नव्हत्या. अकरा वह्या, पुठ्ठ्याच्या, प्रत्येक पानावर छापील रकाने. प्लॉट. तारीख. झाड. खोली, सें.मी. शेरा. खोलीच्या रकान्यात पहिल्या ओळीत आईने लिहिलं होतं "४ बो." आणि त्याखाली अकरा ओळींत "सदर", "सदर", "सदर".

मुंगीने शेऱ्याचा रकाना वाचला. पहिलं वर्ष: "मोजपट्टी मागितली." दुसरं: "मोजपट्टी आली नाही." तिसरं: "मोजपट्टी आली. लाकडी. प्लॉट ४ वर मोडली." चौथं: "मोजपट्टी मागितली." पाचवं: "प्लॉट ९ पर्यंतच. बाकीचे पुढच्या महिन्यात. मुलगी झाली." सहावं: "मोजपट्टी आली नाही." सातव्यापासून पुढे शेऱ्यात फक्त हवामान होतं.

तक्ता ज्यांनी टंकला ते कारकूनकाका निवृत्त झाले होते, पण घरी करमत नाही म्हणून आठवड्यातून दोनदा येऊन जुन्या फायली लावायचे. मुंगीने वही त्यांच्यापुढे धरली.

"काका, हे काय लिहिलंय?"

त्यांनी वही हातभर लांब धरली. "चार बो."

"आणि तक्त्यात तुम्ही काय टंकलंत?"

"चार."

"बो. म्हणजे काय वाटलं तुम्हाला?"

"काही वाटून घ्यायचं माझं काम नव्हतं. रकाना सेंटिमीटरचा, आकडा चारचा. चार टंकला." मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बो. म्हणजे... बोटं?"

"चार बोटं."

"अरे देवा," काका म्हणाले आणि वही मांडीवर ठेवली. "आणि बाराव्या वर्षी ते पथक आलं तेव्हा त्यांनी मला विचारलेलं. किती खोल जायचं? मी तक्ता बघून सांगितलं, चार सेंटिमीटर. नळीवर खूण करून दिली, याच हाताने." त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "आता कुणावर बोटं मोडू?"

"चूक कुणाची ते राहू दे. पाणी कुठे मुरत होतं ते तरी कळलं."

कळलं होतं ते असं. शिसं वरून पडतं आणि वरच्याच थरात अडकतं. खाली जावं तसं कमी. आईने चार बोटं खोल माती घेतली, तिच्यात खालची बरी मातीही आली, आकडा उतरला. पथकाने चारच सेंटिमीटर घेतली, निव्वळ वरची, आकडा चढला. जिना जंगलात नव्हता. जिना बो. आणि सें. यांच्यामध्ये होता.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा डोळ्यांवर आला, म्हणजे गोष्ट गांभीर्याने घेतली होती.

"छान शोधलंस. पण चार बोटं म्हणजे किती? माझी चार बोटं सात सेंटिमीटर. कारकूनकाकांची नऊ असतील. कुणाचीही बोटं धरून मी अकरा वर्षं वापरायची का?"

"कुणाचीही नाही. तिची."

"त्या नाहीत."

"मला चार दिवस द्या."

"महिनाअखेर दहा दिवसांवर आलीय, मुंगी. आणि हे बघ, तू त्यांची मुलगी आहेस म्हणून मला तुझ्याकडून दुप्पट पुरावा लागेल."

बाबा हातमोजे बनवण्याच्या कारखान्यात कातडं कापायचे. पस्तीस वर्षं एकाच लाकडी टेबलाशी उभे. वेल्डिंगवाले, भट्टीवाले, कचरा उचलणारे असल्या माणसांचे जाड हातमोजे तिथे व्हायचे. जेवणाच्या सुट्टीत मशीनं थांबली होती आणि खोलीत कातड्याचा आंबूस वास भरून होता. बाबांनी रापीचं पातं फडक्याला पुसलं.

"जेवलीस?"

"हो."

"खोटं. जेवल्यावर तू इतकी शहाण्यासारखी दिसत नाहीस. बस."

तिने बसायच्या आतच विचारलं, "बाबा, आईच्या चार बोटांची रुंदी किती होती?"

बाबांनी रापी खाली ठेवली. पण उत्तराला वेळ लागला नाही.

"वीस सूत."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाबांचं सगळं जग सुतात चालायचं. "कुठे मोजून?"

"मधल्या पेरांवर. पहिलं बोट पाच, मधलं साडेपाच, अंगठीचं पाच, करंगळी साडेचार. झाले वीस. अडीच इंच. का? तुमच्या संस्थेत मोजपट्ट्या महागल्या का?"

"तिला मिळालीच नाही मोजपट्टी," मुंगी म्हणाली आणि तिने वहीतलं सगळं सांगितलं.

बाबा ऐकता ऐकता हसायला लागले. "ती बाई सगळं बोटांनीच मोजायची. पडदा चार बोटं दुमड, तुझ्या फ्रॉकला चार बोटं शिलाई आत ठेव, वाढत्या अंगाची आहे. मोजपट्टी दिली असती तरी तिने नळी साफ करायला वापरली असती."

"बाबा, मला पुरावा लागणार आहे. तुमच्या शब्दावर मॅडम मानणार नाहीत."

"नवऱ्याच्या शब्दाला पुरावा? लग्न झालंय का तुझ्या मॅडमचं?"

"दोनदा."

"मग बरोबर आहे त्यांचं," बाबा म्हणाले.

त्यांच्या डोक्यावर भिंतीला खिळे होते आणि खिळ्यांना पुठ्ठ्याचे फर्मे टांगलेले, पंजाच्या आकाराचे: मोठा, मध्यम, लहान. फर्मा कातड्यावर ठेवायचा, कडेने पेन्सिल फिरवायची, त्या रेघेवर रापी. मुंगीने ते फर्मे शाळेत असल्यापासून पाहिले होते. बाबांनी उठून लहान नंबरचा फर्मा काढला आणि तिच्यापुढे टेबलावर ठेवला.

"हा घे तुझा पुरावा."

तिला लगेच उमगलं नाही. "हा आईचा..."

"मग कुणाचा? जंगलात जायला तिला हातमोजे हवे होते, आणि इथे तेव्हा फक्त पुरुषांचे नंबर. मी तिचा हात पुठ्ठ्यावर ठेवून काढला. पुढे बायकाही भट्ट्यांवर लागल्या. मालक म्हणाले, लहान नंबरचा फर्मा कुणाकडे आहे का? होता."

"म्हणजे इथून जाणारे सगळे लहान हातमोजे..."

"वर्षाला चारेक हजार जोड्या जातात," बाबा म्हणाले.

मुंगीने तो पुठ्ठा जवळ ओढला. संस्थेच्या कपाटात तिचे स्वतःचे हातमोजे होते, लहान नंबर, करंगळीत जरा आवळणारे. मग तिने पिशवीतून बारीक माप घ्यायचा व्हर्नियर काढला आणि फर्म्याच्या चारही बोटांवर एकेक करून लावला. बेरीज आली अडुसष्ट मिलिमीटर.

"वीस सूत म्हणजे साडेत्रेसष्ट होतात, बाबा. हे जास्त आहे."

"हातमोजा हाताला सैल नको का? आणि हा पहिला फर्मा नाही, चौथा आहे. रापी लागून लागून कड झिजते. मग त्याच्यावरून नवा काढायचा."

"म्हणजे प्रतीची प्रत. प्रत्येक वेळी पेन्सिलीच्या जाडीएवढा वाढत जाणार."

"जातोच. मग मी तासतो."

"किती?"

"जुळेपर्यंत."

"पण कशाशी जुळेपर्यंत? पहिला तर नाहीये."

 बाबांनी डावा हात उताणा करून टेबलावर ठेवला. तळहातावर, मनगटाच्या बाजूला, एक जुना पांढरा आडवा वण होता. नवखे असताना रापी घुसली होती त्याचा.

"तिने हात हातात दिला ना, की तिचं पहिलं बोट इथे यायचं, माझ्या बोटांच्या मुळाशी," त्यांनी उजव्या हाताने दाखवलं, "आणि करंगळीची कड बरोब्बर या वणावर. चालताना दुसरं काय करायचं असतं? मी ते पाहून ठेवलं होतं. नवा फर्मा कापला की चारही बोटांची मापं एकाला एक लावून या हातावर ठेवतो. सैल सोडून वणावर आला, म्हणजे झाला."

कुणीतरी पलीकडे डबा बंद केला. मुंगीने व्हर्नियरचे जबडे उघडले आणि बाबांच्या तळहातावर टेकवले, बोटांच्या मुळाच्या रेषेपासून वणाच्या कडेपर्यंत. धातू गार होता. हात थोडा हलला.

"हलू नका."

"गुदगुल्या होतात."

तिने पाच वेळा मोजलं. त्रेसष्ट पूर्णांक सहा. त्रेसष्ट दोन. त्रेसष्ट पाच. त्रेसष्ट नऊ. त्रेसष्ट तीन. सरासरी साडेत्रेसष्ट. ते लिहिताना तिला एकदा पेन बदलावं लागलं, चालू पेन चांगलं असूनही.

"वीस वर्षांत तुमचा हात बदलला असेल," ती वहीत पाहत म्हणाली. "कातडी सैल पडते."

"पडली असेल. अधिक-उणे काय ते घाल तुझं."

"आणि एक. मोजताना ती हातमोजा घालून मोजायची की काढून? जाडी धरावी लागेल."

"काढून. त्यावरून तर आमची भांडणं. मी एवढा जीव लावून शिवायचो आणि बाई उजवा काढून खिशात घालायची. म्हणे, उघड्या बोटांशिवाय माप कळत नाही. डावा फाटून यायचा, उजवा कोरा. शेवटी मी तिला जोडीत दोन डावे द्यायला लागलो."

मॅडमनी त्या मापांचा कागद तीन वेळा वाचला.

"तळहात हे उपकरण म्हणून मी काय लिहायचं? कंपनी, मॉडेल?" त्या म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. "हे बघ, वीस सूत हे तुझ्या वडिलांच्या डोक्यातलं आणि वण त्यांच्या हातावरचा. ही दोन मापं नाहीत, एकच माणूस आहे. मला त्यांच्याबद्दल शंका नाही. पण मला असं काहीतरी दे जे त्यांच्या आठवणीत असूच शकत नाही."

मुंगी याच प्रश्नाची वाट पाहत होती. "जिन्याची पायरी," ती म्हणाली. "वरचा आकडा तीनशे सोळा, खालचा दोनशे एकतीस. शंभराला त्र्याहत्तर. खोलीच्या फरकानेच जर पायरी पडली असेल, तर आजही त्याच बारा झाडांखाली चार सेंटिमीटर आणि साडेत्रेसष्ट मिलिमीटर असे दोन-दोन नमुने घेतले की तेवढीच पायरी पडायला हवी. खोली चुकली असेल तर पडणार नाही."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "आणि नाही पडली तर?"

"तर अहवाल बाराव्या वर्षापासून."

"तू स्वतः लिहिशील तसं?"

"लिहीन."

"जा," मॅडम म्हणाल्या.

सुट्टीच्या दिवशी ती जंगलात गेली तेव्हा बाबाही बरोबर होते. कधी नव्हे ते त्यांनी आदल्या दिवशी विचारलं होतं, "मला बरण्या तरी उचलता येतील ना?" नळीवरची खूण त्यांनीच केली होती, टोकापासून वीस सूत, रापीने, केसाएवढी बारीक. तिने ती व्हर्नियरने तपासली होती आणि ते तिच्याकडे रागाने पाहत होते.

बाबा इथे पूर्वी कधी आले नव्हते. अकरा वर्षं ती सकाळी डबा घेऊन निघायची आणि ते कारखान्यात जायचे. आता ते चोवीस रिकाम्या बरण्यांची पेटी उराशी धरून, पाय जपून टाकत मागून येत होते. पानं पिवळी पडली होती, अजून गळली नव्हती.

प्रत्येक खुणेच्या झाडावर आईने पत्र्याचा बिल्ला ठोकला होता. तीस वर्षांत खोडांनी कडेने वाढून बिल्ले निम्मे गिळले होते. सातव्या झाडावर सातची फक्त वरची गाठ उरली होती. तो वाचायला मुंगीला वाकावं लागलं.

"झाड वाढलं तर बिल्ला वर नाही का गेला?" बाबांनी विचारलं.

"नाही. झाड उंच होतं ते शेंड्याकडून. खोडात खिळा जिथे मारला तिथेच राहतो."

बाबांनी पेटी खाली ठेवली. ते झाडापुढे सरळ उभे राहिले. बिल्ला त्यांच्या छातीशी आला, शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी. त्यांनी एकदा बटणाकडे पाहिलं, एकदा बिल्ल्याकडे.

"डोळ्यांसमोर धरून ठोकला असेल तिने," ते म्हणाले. "इथेच यायचे तिचे डोळे. फोटो काढताना मी म्हणायचो, बाई, वर बघ." त्यांनी मागच्या झाडांकडे पाहिलं. "बाराही असेच आहेत?"

"बाराही. मी मोजलेत. दोन बोटांचा फरक आहे फार तर."

"कुणाच्या बोटांचा?"

"माझ्या," मुंगी म्हणाली. तिची स्वतःची चार बोटं एकाहत्तर मिलिमीटर भरत होती. मोठेपणी तिचा हात बाबांवर गेला होता.

तिने पाला बाजूला केला, नळी उभी धरली, हातोडी मारली. चार सेंटिमीटरची एक बरणी, मग वीतभर बाजूला खुणेपर्यंतची दुसरी. बाबा लेबलं लावत होते आणि एकही तिरकं लागू देत नव्हते. सातव्या झाडाखाली दुसरी नळी उपसल्यावर त्यांनी तिला थांबवलं.

"मी बघू?"

तिने बाजूला सरकून जागा दिली. बाबा गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी डावा हात जमिनीवर ठेवलेल्या नळीशी नेला.  नुसता शेजारी धरला, बोटांची मुळं रापीच्या खुणेशी, वण नळीच्या टोकाशी.  वर कुठेतरी एक पान सुटलं आणि त्यांच्या खांद्यावर येऊन अडकलं.

"हातमोजा घालायचा, बाबा," मुंगी शेवटी म्हणाली. "वरच्या मातीत अजून शिसं आहे."

"किती?"

"तेच तर मोजायचंय."

बाबांनी हात काढून घेतला आणि पँटला पुसला. "हेच ती म्हणायची. दर वेळी विचारलं की हेच." त्यांनी पुढची बरणी उघडून तिच्यापुढे धरली. "चल. अजून पाच झाडं आहेत."

नमुने दोन दिवस वाळत ठेवले. मग ते कुटले, चाळले, आम्लात विरघळवले, गाळले. मशीन सकाळी साडेनऊला लावलं. प्रत्येक नमुना तीनदा. प्लॉटांचा क्रम मुंगीने चिठ्ठ्या टाकून ठरवला होता आणि बरण्यांवर मॅडमनी नुसते क्रमांक घातले होते; कुठला क्रमांक कुठल्या खोलीचा याची यादी मॅडमच्या खणात बंद होती, म्हणजे आकडे हातात येईपर्यंत तिला काही कळायला नको. जेवणाच्या सुट्टीत कारकूनकाका, त्यांचा वार नसताना, उगाच दोनदा डोकावून गेले. दुपारी तीनला मॅडम यादी घेऊन आल्या, खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि एकेक आकडा मोठ्याने वाचू लागल्या. मुंगीने लिहून घेतलं, बेरीज केली, भागाकार केला, पुन्हा केला, आणि वहीच्या नव्या पानावर उतरवलं. खोलीच्या रकान्यातलं छापील सें.मी. तिने एका रेघेने खोडलं.

वर्ष ३१. प्लॉट १ ते १२, सरासरी. खोली ४ सें.मी.: शिसं २४१. खोली ४ बो.: शिसं १७६. शंभराला त्र्याहत्तर.